रुप्यावरचे कूळ



20 जून 1996 रोजी अमेरिकेचे ‘कोलंबिया’ यान फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून अवकाशात गेले. आत सात अंतराळवीर होते आणि त्यांत रॉबर्ट थर्स्क हा एक कॅनडाचा. प्रत्येक मोहिमेसाठी एक बिल्ला तयार करण्याची नासाची रीत आहे. या मोहिमेच्या बिल्ल्यावर यान गरुडाच्या रूपात चितारले होते. कुठे जाड, कुठे बारीक होत वळणारी काळी रेघ, पंखांत पुन्हा डोळ्यांसारखे आकार, असे ते चित्र होते. काढणाऱ्याचे नाव बिल हेलिन. तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्सिम्शियन या आदिवासी समाजातला, लाकूड कोरणारा आणि सोन्याचांदीचे दागिने घडवणारा कारागीर. त्याच्या पूर्वजांनी खांबांवर, पेट्यांवर आणि चांदीच्या कड्यांवर जी रेघ ओढली, तीच त्याने अवकाशयानाच्या बिल्ल्यावर ओढली.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या रुप्याबद्दल बोलायचे आणि सुरुवात फ्लोरिडात, हे जरा लांबचे वळण वाटेल. पण आपल्या महादेव कोळी, ठाकर, बंजारा घरांतल्या दागिन्यांचे काय झाले हे नीट समजून घ्यायचे, तर त्याच काळात त्याच धातूचे दुसऱ्या एका आदिवासी मुलखात काय झाले ते शेजारी ठेवून पाहावे लागते. दोन्हीकडे गोऱ्यांचे राज्य आले, दोन्हीकडे नाणे आले, मिशनरी आले. पुढे मात्र वाटा फुटल्या.

आधी तिकडचे.

स्कीना नावाची मोठी नदी प्रिन्स रूपर्ट या बंदराजवळ प्रशांत महासागराला मिळते. तिच्या मुखाचा आणि आसपासच्या बेटांचा मुलूख त्सिम्शियनांचा. सामन मासा आणि सीडरचे झाड या दोन गोष्टींवर त्यांचा संसार उभा. समाजात चार कुळे आहेत: गरुड, डोमकावळा, लांडगा आणि काळा देवमासा. मूल आईच्या कुळाचे. बाप गरुड असला आणि आई लांडगा असली, तर पोर लांडग्यातच मोजायचे. मामा-भाच्याचे नाते तिथे बाप-लेकाइतके भारी, कारण पदवी, नाव आणि वहिवाट मामाकडून भाच्याकडे जाते.

या कुळांची प्रतीके केवळ शोभेची नव्हेत. कोणत्या घराण्याने कोणता प्राणी कोणत्या रूपात मिरवायचा, कोणते गाणे म्हणायचे, कोणता मुखवटा घालायचा, हे त्या घराण्याच्या मालकीचे. आपल्याकडे सातबारा तसे तिकडे ते चित्र. ही मालकी सिद्ध करायची तर मोठी मेजवानी घालायची, शेकडो पाहुण्यांना साक्षी बसवायचे आणि साक्षीबद्दल प्रत्येकाला भेट द्यायची. यालाच पॉटलॅच म्हणतात. कॅनडा सरकारने 1885 पासून त्यावर कायद्याने बंदी घातली. ती 1951 पर्यंत टिकली. सगळी मालमत्ता वाटून टाकणारे लोक सुधारणार कसे, असे सरकारी अधिकाऱ्यांचे आणि मिशनऱ्यांचे म्हणणे होते.

त्याआधीच, 1862 मध्ये, विल्यम डंकन या इंग्रज धर्मप्रसारकाने त्सिम्शियन लोकांना घेऊन मेटलाकाटला हे आदर्श ख्रिस्ती गाव वसवले होते. सरळ रस्ते, एकसारखी घरे, मोठे चर्च. मुखवटे आणि मेजवान्या बंद. पुढे वरिष्ठांशी खटका उडाल्यावर 1887 मध्ये सुमारे 800 लोकांना घेऊन तो अलास्कात गेला आणि तिथे नवे मेटलाकाटला उभे राहिले. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आले. सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा, ख्रिस्ती साहित्यिक टिळक दांपत्य हा इतिहास इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. मिशनांनी शिक्षण दिले हे खरेच. स्कीनाकाठी त्यांनी जे काढून घेतले, तेही खरेच.

मुखवटे गेले, खांब कोसळले किंवा संग्रहालयांत गेले. कडे मात्र राहिले. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाराच्या निमित्ताने या किनाऱ्यावर चांदीचे डॉलर खुळखुळू लागले. डॉलरचे वजन पावणेसत्तावीस ग्रॅम आणि चांदी शेकडा 90. कारागिरांनी नाणी ठोकून पट्ट्या केल्या, पट्ट्या वाकवून कडी केली आणि त्यांवर टोकदार हत्याराने आपले गरुड, कावळे, लांडगे कोरले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोऱ्या मडमाही हातात रुंद कडी घालत. तेव्हा चर्चला जाणाऱ्या आदिवासी बाईच्या मनगटावरचे कडे पाहून पाद्रीबाबांना त्यात धर्मबाह्य काही दिसले नाही. तिचे कूळ मात्र त्यावर स्पष्ट दिसत होते, वाचता येणाऱ्याला.

शेजारच्या हायडा समाजात तर कुळाचे चित्र पूर्वी अंगावर गोंदत. मिशनऱ्यांनी गोंदण्याला नाक मुरडले तेव्हा कातडीवरचे चित्र चांदीवर उतरले, असे अभ्यासक मानतात. ही एक गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडे नेमके याच्या उलट घडले.

आता सह्याद्रीकडे येऊ.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचे पाणी आणि त्यांच्या कुशीतल्या कोळी-ठाकरांच्या वाड्या. इथल्या बायकांच्या जुन्या दागिन्यांची नावे घेतली तरी किणकिण ऐकू येते: पायात वाळे आणि तोडे, बोटांत जोडवी, मासोळ्या, विरोद्या, हातात गोट आणि पाटल्या, दंडात वाक्या, गळ्यात सरी, गरसोळी, काळी पोत, कानात बुगड्या. ठाकरांच्या बायकांच्या गळ्यात काचमण्यांच्या माळांवर माळा. पूर्वेला पाथर्डीकडे वळले की बंजारा तांडे लागतात. तिथे सवाष्णीच्या दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या लोंबत. सोने या सगळ्यांत अगदी थोडे. बाजार रुप्याचा.

हे रुपे आले कुठून? खिशातूनच. कलदार रुपया साधारण एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याच्या कसाबद्दल सरकारची हमी, म्हणून सोनाराला रुपया गाळणे सोयीचे. हंगामात चार रुपये हाती आले की बाई आठवडे बाजारी ते सोनाराच्या पुढ्यात ठेवी आणि ‘वाळे कर’ म्हणे. बँक डोंगरात नव्हती; पायातले तोडे हीच ठेव. स्कीनाकाठी डॉलर गाळले जात होते तेव्हा प्रवरेकाठी रुपये गाळले जात होते. इथवर दोन्ही गोष्टी समांतर चालतात.

मग मध्ये सावकार येतो.

अकोल्यातल्याच देवगावचा महादेव कोळी राघोजी भांगरे 1840 च्या दशकात बंडाला उभा राहिला, तो इंग्रजांइतकाच सावकारांवर चिडून. त्याच्या माणसांनी सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी इंग्रजांनी स्वतःच करून ठेवल्या आहेत. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. पुढे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली आणि ती आग नगर जिल्ह्यातल्या गावांतही पसरली. जळाले ते दस्तऐवज. पण सावकाराच्या घरात कागदाबरोबर फडक्यात बांधलेली पुरचुंडीही असे. तिच्यात कुणाचे तोडे, कुणाची सरी. कागद जाळून ते रुपे परत मिळत नसे, कारण पुष्कळदा ते आधीच मुशीत गेलेले असे.

लगेच 1876 ते 1878 चा दुष्काळ आला. त्या वर्षांत मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांचे रुपे वितळण्यासाठी मोठ्या प्रमाणावर आले. रुपयाचा दागिना झाला होता, दागिन्याचा पुन्हा रुपया झाला. मधल्या दोन-तीन पिढ्यांत त्यावर जे काही घडवले होते, ते भट्टीत गेले.

त्याहून वाईट गोष्ट कायद्याने केली आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. 1893 मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर चांदी द्यावी आणि तिचे रुपये करून घ्यावेत, असा मार्ग खुला होता. तो बंद होताच रुपयाची किंमत सरकारी शिक्क्यामुळे टिकली आणि नुसत्या चांदीचा भाव घसरला. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले, तेव्हा बाईने पायातले तोडे काढून दिले, तर त्यात जेवढे रुपये गाळले होते तेवढे परत मिळेनात. लंडनमध्ये चलन स्थिर करण्याचा निर्णय झाला आणि त्याची किंमत वाडीवरच्या बाईने पायातून मोजली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे ‘चलनसुधारणा’ या प्रकरणात येते.

म्हणजे सह्याद्रीत चांदी अंगावर टिकली नाही. टिकले ते गोंदण. कपाळावर, हनुवटीवर, दंडावर हिरव्यानिळ्या ठिपक्यांनी काढलेली तुळस, विंचू, चौक. हा एकच दागिना असा की जो गहाण पडत नाही, चोर नेत नाही आणि मेल्यावर बरोबर जातो, असे जुन्या बायका सांगत. हायडांचे चित्र कातडीवरून चांदीवर गेले. आपल्याकडे चांदी गेली आणि चित्र कातडीवरच राहिले. आता तर त्या कातडीची पिढीही सरत आली.

दारिद्र्य, सावकार आणि दुष्काळ ही कारणे खरी. पण पुरती नव्हेत. प्रस्तुत वक्त्याच्या मते दोन मुलखांतला मुख्य फरक हाताचा आहे. तिकडे कडे घालणारी आणि कडे घडवणारा एकाच समाजातले, पुष्कळदा एकाच घरातले. इकडे दागिना आदिवासी बाईचा, तर हात बाजारातल्या सोनाराचा. राजूर, कोतूळ, अकोले, संगमनेर अशा बाजारगावांतल्या सोनारांनी पिढ्यान् पिढ्या डोंगरातल्या गिऱ्हाइकांच्या चवीचे दागिने घडवले. कोणत्या वाडीला तोडा किती जाड लागतो, कोणत्या जमातीला कोणती वीण चालते, हे त्याला तोंडपाठ. त्याला खलनायक करण्याचे कारण नाही. काही जण पोकळ वाळ्यांत लाख भरून वजन मारीत, हे खरे. पण तसा लौकिक झाला की बाजारातून उठावे लागे. मुद्दा फसवणुकीचा नाही. मुद्दा असा की चव एका समाजाची आणि कसब दुसऱ्या समाजाचे होते. मागणी थांबली त्या दिवशी चव अनाथ झाली आणि कसब नव्या मालाकडे वळले.

याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे टाक. दागिना आणि देव यांच्या मधली ही वस्तू. देव्हाऱ्यात ताम्हणात ठेवलेले बोटभर उंचीचे रुप्याचे पत्रे, त्यांवर उठावाचा घोडेस्वार खंडोबा, शेजारी म्हाळसा, कुठे भैरोबा, कुठे देवी. आणि त्यांच्याच रांगेत घरातला कुणी कर्ता मेला असेल तर त्याचाही टाक. मराठा, धनगर, कोळी, कुणबी, सगळ्यांच्या घरी ही रीत. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले, तर नवी नवरी सवतीचा टाक गळ्यात बांधते. जिची जागा घेतली तिला गळ्यात वागवायचे, सणावारी तिला आधी कुंकू लावायचे. घराण्याचा इतिहास अंगावर घालण्याची याहून थेट रीत त्सिम्शियनांकडेही सापडणार नाही.

टाक होतो कसा, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बागेसरीत निखारे फुलवायचे, मुशीत चांदी गाळायची, लगड ओतायची. ती ऐरणीवर ठोकून पातळ पत्रा करायचा. ठोकता ठोकता चांदी ताठर होते आणि तडकू लागते, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायची. मग पितळी किंवा काशाचा ठसा घ्यायचा. त्यात घोडा, स्वार, तलवार, सगळे खोलगट कोरलेले. पत्रा त्यावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा आणि त्यावर हातोडी. शिसे मऊ, ते पत्र्याला ठशाच्या खोबणीत हळूहळू दाबत नेते. घोड्याचा पाय आधी उमटतो, चेहरा सर्वांत शेवटी. कडा कानशीने साफ करायच्या, टाकणखार लावून मागे डाक द्यायचा. घरात लग्न निघाले की हेच टाक पुन्हा सोनाराकडे ‘उजळायला’ येतात. पूजेत झिजून नाक-डोळे पुसले गेले असतील, तर जुनीच चांदी गाळून पुन्हा त्याच ठशावर ठोकायची. म्हणजे पणजोबांच्या टाकातले रुपे पणतूच्या टाकात असते.

सगळे रहस्य त्या ठशात आहे. आणि ठसा सोनाराचा. एकाच ठशातून पाच गावांचे आणि दहा जातींचे पूर्वज निघतात. कोळ्यांच्या वीराचा चेहरा आणि धनगरांच्या वीराचा चेहरा एकच. ओळख फक्त देव्हाऱ्यातल्या जागेवरून. आजोबा वारले, त्यांचा टाक केला, पण तो त्यांच्यासारखा दिसावा असे कुणाच्या मनातही आले नाही. वस्तू घरची आणि आकार बाजारचा, यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

याच्या उलट बिल रीडची हकिकत. 1920 मध्ये ब्रिटिश कोलंबियात जन्मलेला हा मुलगा. आई सोफी ग्लॅडस्टोन हायडा, बाप गोरा. कॅनडाच्या तेव्हाच्या कायद्याने आदिवासी बाईने बाहेर लग्न केले की ती आदिवासी उरत नसे. आईकडून कूळ चालणाऱ्या समाजावर याहून मोठा घाव कोणता? तो कायदा 1985 मध्ये बदलला. सोफीने मुलांना हायडापणातले फारसे काही शिकवले नाही. नातेवाईक बायकांच्या मनगटांवरची चांदीची कडी तेवढी मुलाच्या नजरेस पडत. मोठा होऊन तो रेडिओवर निवेदक झाला. टोरांटोत नोकरी करता करता 1948 मध्ये त्याने तिथल्या तंत्रशाळेत दागिने घडवण्याचा युरोपीय पद्धतीचा अभ्यासक्रम शिकायला घेतला.

त्याचा आजोबा चार्ल्स ग्लॅडस्टोन चांदीवर कोरीवकाम करणारा. तो शिकला होता आपल्या मामाकडून, चार्ल्स एडेनशॉ या थोर हायडा कारागिराकडून (सुमारे 1839 ते 1920), आणि मामाची हत्यारेही त्याच्याकडेच आली होती. हा एडेनशॉ स्कीनाच्या मुखावरच्या पोर्ट एसिंग्टन या मासळीच्या कारखान्यांच्या गावी, म्हणजे त्सिम्शियन मुलखात, जाऊन आपली कडी विकत असे. 1954 मध्ये आजोबा वारला. अंत्यविधीसाठी हायडांच्या बेटावर गेलेल्या रीडने एडेनशॉने कोरलेली दोन कडी पाहिली आणि त्याचे काम तिथून पालटले. त्याने जुन्या कामांच्या नकला केल्या. रेघ कुठे जाड होते, कुठे वळते, ते हाताने समजून घेतले. मग तीच रीत सोन्यात, लाकडात आणि काशात नेली. डोमकावळा शिंपल्यातून पहिल्या माणसांना बाहेर काढतो, ही हायडांची उत्पत्तिकथा त्याने 1970 मध्ये मुठीत मावेल अशा लाकडी तुकड्यात कोरली. 1980 मध्ये तीच माणसापेक्षा उंच झाली आणि व्हँकुव्हरच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात उभी राहिली. 2004 च्या 20 डॉलरच्या नोटेवर त्याची शिल्पे छापली गेली. पूर्वज डॉलर गाळून कडी करीत; गोऱ्यांच्या राज्याने शेवटी तीच चित्रे आपल्या डॉलरवर घेतली!

रीड मोठा कलावंत होता, पण एकट्या प्रतिभेवर हे झाले नाही. मधल्या काळात दोन गोष्टी जिवंत होत्या: हत्यारे आणि नियम. हत्यारे घरात होती. नियम बिल होम या सिअॅटलच्या कलाशिक्षकाने जुन्या वस्तू मोजून-तपासून 1965 च्या आपल्या पुस्तकात मांडले. वरून फुगीर आणि खालून किंचित चपटा असा डोळ्याचा अंडाकार, सांध्यावरचा इंग्रजी ‘यू’सारखा आकार आणि सगळ्यांना जोडणारी अखंड रेघ. गोऱ्या माणसाने नियम लिहावेत आणि आदिवासी पोरांनी ते वाचून आपली कला परत घ्यावी, यातला उपरोध तिथल्या लोकांनाही कळतो. पण त्यांनी पुस्तक फेकून दिले नाही. हेझल्टनच्या कलाशाळेत बिल हेलिनसारखे विद्यार्थी शिकले. प्रिन्स रूपर्टला जन्मलेल्या फ्रीडा डीसिंग या हायडा बाईने, पुरुषांचे मानले गेलेले लाकूडकोरीव काम हाती घेऊन, त्सिम्शियन पोरांसह अनेकांना शिकवले. त्या 2002 मध्ये वारल्या आणि 2006 मध्ये त्यांच्या नावाची शाळा टेरेस या गावी सुरू झाली, स्कीनाच्याच काठी.

आपल्याकडे असे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दागिन्यात नाही, पण चित्रात झाले. लग्नाच्या वेळी सवाष्णींनी भिंतीवर चौक लिहायचा, ही वारल्यांची रीत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले. त्यांनी कागद पुढे केला आणि जिव्या सोमा मशे यांनी त्या रेघेत रोजचे जग भरले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांची कला पुरुषाच्या नावाने जगभर गेली, ही टीकाही रास्त आहे. तरी महत्त्वाचे ते घडले: वारली चित्राला वारली माणसाची सही मिळाली.

नगर जिल्ह्यातही घरची चीज घरच्या हाताने राखल्याचे उदाहरण आहे, आणि तेही अकोल्यातले. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जमवले, पेरले, वाटले; 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. बियाणे आणि दागिना यांत अंतर आहे हे मान्य. पण बी कोणत्या मडक्यात, कोणत्या राखेत ठेवायचे, हे ज्ञान बाईच्या हातात होते, दुकानदाराच्या नव्हे, म्हणून ते परत मिळवता आले. बंजारा बायकांचेही तसेच. घुगऱ्या सोनाराच्या, पण आरसे, कवड्या, नाणी लावून काचोळी-फेटियावर, म्हणजे चोळी-घागऱ्यावर, केलेले भरतकाम त्यांचे स्वतःचे. म्हणून कर्नाटकातल्या संदूरला लंबाणी, म्हणजे बंजारा, बायकांच्या त्याच कामावर संस्था उभी राहिली आणि त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. जे हातात होते ते टिकले. जे ऑर्डर देऊन करून घेतले, ते गेले.

मग अकोल्यातल्या आदिवासी मुलाने किंवा मुलीने आता सोनारकाम शिकावे का? शिकावे, असे वक्त्याचे स्पष्ट मत आहे, आणि ते जातीवरून कुणाचा धंदा काढून घेण्यासाठी नव्हे. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाची सोंगे आजही या पट्ट्यात नाचतात. पुष्कळ गावांत अमुक देवाचे सोंग अमुक घराकडे, असा मान चालत आलेला आहे. देवके आहेत, गोंदणाचे नमुने आहेत. म्हणजे ‘हे आमच्या घराचे चित्र’ असे म्हणण्याची सवय अजून मोडलेली नाही. ती चांदीवर कधी उतरली नाही, एवढेच. गोंदणातला विंचू आणि चौक कड्यावर कसा बसेल, हे पुण्या-मुंबईच्या डिझायनरने ठरवण्याआधी ज्यांच्या आजीच्या दंडावर तो आहे त्यांनी ठरवलेले बरे. ‘ट्रायबल ज्वेलरी’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काळपट धातूच्या मालात आदिवासी माणूस बहुधा कुठेच नसतो.

अडचण भांडवलाची आहे. 2025 सालात चांदी किलोला लाख रुपयांच्या खूप पुढे गेली. शिकाऊ पोराला ठोकून बिघडवायला एवढा महाग धातू कोण देईल? तांब्यावर शिकता येते, पुष्कळ सोनारांची पोरेही तांब्यावरच शिकली. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या ऐच्छिक हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी क्रमांक देण्याचीही सोय झाली आहे. त्यातून चांदी किती कसाची ते कळते; आकार कुणाचा, ते नाही. स्कीनाकाठचा आजचा कारागीर कड्याच्या आतल्या बाजूला आपले नाव कोरतो. एडेनशॉ सही करीत नसे. त्याची कडी अभ्यासकांना रेघेवरून ओळखावी लागतात.

आणि एक काम असे की ज्याला भांडवल लागत नाही. पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. तिथे दागिने पाहायला मिळतात. पण ज्यांतून टाक आणि पदके निघाली ते ठसे बाजारगावांतल्या जुन्या दुकानांत, फळीखालच्या डब्यांत पडून आहेत. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसू लागला की ते पितळेच्या भावाने मोडीत जातात. विकत घ्यायला नको, मालकाकडून काढून न्यायलाही नको. ठसा पुसायचा, त्यावर मेण किंवा प्लास्टर दाबायचे, उलटून सुकवायचे. मागे गाव, दुकान, कोणत्या वाड्यांची गिऱ्हाइके येत आणि मालकाला ठाऊक असेल तर कोरणाऱ्याचे नाव लिहायचे. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, अकोल्याला आणि संगमनेरला महाविद्यालये आहेत. इतिहासाच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम सहज देता येईल, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी गेले तर सोनारही दुकानात सापडतो आणि वाडीवरची गिऱ्हाइकेही.